जुना सुपर एट कॅमेरा निवडताना

नमस्कार श्रोतेहो. गेल्या काही वर्षांत लग्नाच्या चित्रणात, गाण्यांच्या व्हिडिओत आणि हौशी लघुपटांत दाणेदार, किंचित थरथरणारी, जुन्या घरगुती फिल्मसारखी दिसणारी दृश्ये पुन्हा वरचेवर पाहायला मिळू लागली आहेत. त्यांतली काही ही निव्वळ संगणकाची करामत असते. पण काही खरोखरच फिल्मवर घेतलेली असतात, आणि ती पाहून आपल्याकडेही असा एखादा कॅमेरा असावा असे पुष्कळांना वाटते. असा कॅमेरा, म्हणजे आठ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चित्रण करणारा सुपर एट कॅमेरा, खिशाला परवडेल अशा बेताने कसा निवडावा, याविषयी आज बोलायचे आहे.

नवा कॅमेरा घेण्याचा विचार आपण आरंभीच बाजूला ठेवू. कोडॅक कंपनीने २०१६ साली नव्या सुपर एट कॅमेऱ्याची घोषणा केली. तो अमेरिकेत विक्रीस यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला आणि तेव्हा त्याची किंमत होती ५,४९५ डॉलर. तेव्हा सामान्य हौशी माणसाला उरतो तो १९६५ ते साधारण १९८० च्या दरम्यान तयार झालेला, कोणीतरी वापरलेला कॅमेरा. असे कॅमेरे जगभर लाखोंनी विकले गेले होते, त्यामुळे ते अजूनही सापडतात आणि बरेचसे स्वस्तही असतात. मात्र या छंदातला मोठा खर्च कॅमेऱ्याचा नसतो, तो फिल्मचा असतो. सुपर एटच्या एका कार्ट्रिजमध्ये, म्हणजे फिल्मच्या बंद डबीत, ५० फूट फिल्म असते. सेकंदाला १८ चित्रे या गतीने ती तीन मिनिटे वीस सेकंद पुरते आणि २४ चित्रांच्या गतीने अवघी अडीच मिनिटे. कार्ट्रिजची किंमत, ती धुऊन घेण्याचा खर्च, स्कॅनिंगचा खर्च आणि टपालाची जा-ये हे सारे जमेस धरले, तर दोन-तीन कार्ट्रिजमध्येच स्वस्त कॅमेऱ्याची किंमत मागे पडते. म्हणून पाचशे-हजार रुपये वाचवून घेतलेला आणि पहिल्याच कार्ट्रिजची माती करणारा कॅमेरा मला स्वस्त वाटत नाही.

पहिला प्रश्न येतो तो फिल्मच्या प्रकाराचा. आठ मिलिमीटरची फिल्म कोडॅकने १९३२ साली आणली. ती मुळात सोळा मिलिमीटर रुंदीची असे. एक बाजू चित्रित झाली की रीळ काढून उलटे लावायचे, दुसरी बाजू चित्रित करायची आणि धुतल्यानंतर प्रयोगशाळेत ती मधोमध चिरून जोडली जायची. हे कॅमेरे बहुधा चावीचे, धातूचे आणि दणकट असत. सेलची कटकट नसल्याने त्यांतले अनेक आजही घड्याळासारखे चालतात आणि किमतीनेही कमी असतात. तरीही नवख्या माणसाला मी ते सुचवणार नाही, कारण त्यांची फिल्म फार थोडे जण तयार करतात आणि सावलीत बसून रीळ उलटण्याचे काम सवयीचे आहे. १९६५ साली आलेल्या सुपर एटमध्ये ही सारी यातायात संपली: बंद कार्ट्रिज कॅमेऱ्यात सरकवायचे आणि झाकण लावायचे. याच वर्षी जपानच्या फुजी कंपनीने सिंगल एट नावाची पद्धत काढली. तिची फिल्म सुपर एटसारखीच असली तरी कार्ट्रिज निराळ्या आकाराचे आहे आणि ते एकमेकांच्या कॅमेऱ्यांत बसत नाही. फुजिका या नावाने निघालेले फुजीचे कॅमेरे दिसायला देखणे असतात आणि स्वस्तही मिळतात. ते स्वस्त का, याचे उत्तर त्यांच्या कार्ट्रिजच्या टंचाईत आहे. तेव्हा कॅमेऱ्यावर सुपर एट ही अक्षरे स्वतः वाचल्याखेरीज पैसे काढू नयेत.

दुसरी गोष्ट सेलची. सुपर एटच्या बहुतेक कॅमेऱ्यांची मोटर साध्या पेन्सिल सेलवर चालते. ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. परंतु साठीच्या आणि सत्तरीच्या दशकांतल्या काही मॉडेलांत प्रकाशमापकासाठी वेगळा, बटणाच्या आकाराचा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागे. पाऱ्यामुळे होणाऱ्या प्रदूषणापायी हे सेल बंद झाले. त्यांच्या जागी दीड व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की मोटर फिरते, काटा हलतो, सारे सुरळीत आहे असे वाटते. पण मापन मात्र चुकते. श्रवणयंत्राचे झिंक-एअर सेल वापरून काही जण वेळ निभावून नेतात. पहिल्याच कॅमेऱ्यासाठी ही उठाठेव करण्यापेक्षा मोटर आणि प्रकाशमापक दोन्ही पेन्सिल सेलवर चालणारे मॉडेल शोधावे. फ्रान्सच्या बोल्यू कंपनीचे कॅमेरे भिंगांच्या दृष्टीने नावाजलेले आहेत, पण त्यांच्या अनेक मॉडेलांना खास बनावटीचा, पुन्हा भारित होणारा बॅटरी-संच लागतो आणि तो आता बहुधा निकामी झालेला असतो. नावावर भाळून असा कॅमेरा घेतला, तर तो शोकेसमध्ये ठेवण्याची तयारीही असावी लागते.

तिसरी गोष्ट किचकट आहे, आणि विकणाऱ्यालाही ती क्वचितच ठाऊक असते. सुपर एटच्या कार्ट्रिजला कडेला खाचा असतात आणि त्यांवरून कॅमेरा फिल्मची संवेदनशीलता, म्हणजे तिला किती प्रकाश पुरतो, ते ओळखतो. स्वस्त कॅमेऱ्यांना त्या काळच्या दोनच पायऱ्या कळतात, त्या म्हणजे ४० आणि १६०. आज मिळणारी फिल्म ५०, १००, २०० आणि ५०० अशा वेगवेगळ्या संवेदनशीलतेची आहे. रंगीत निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्त प्रकाश मिळाला तरी ती चूक पोटात घालते, म्हणून ५० किंवा २०० ची निगेटिव्ह अशा साध्या कॅमेऱ्यातही निभावते. एक्टाक्रोमसारखी रिव्हर्सल फिल्म, म्हणजे धुतल्यावर थेट प्रोजेक्टरवर लावता येणारी फिल्म, इतकी क्षमाशील नसते. ज्यांना घरच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून पाहायचे आहे, त्यांनी प्रकाश आत सोडणारे भिंगाचे छिद्र हाताने कमी-जास्त करता येईल असाच कॅमेरा घ्यावा. ज्यांना स्कॅन करून संगणकावरच पाहायचे आहे, त्यांनी याबाबत फार चिंता करू नये.

मॉडेलांच्या बाबतीत माझा कल जपानी बनावटीच्या मधल्या फळीकडे आहे. कॅनन, मिनोल्टा, चिनॉन, सँक्यो, एल्मो या कंपन्यांनी सत्तरीच्या दशकात काढलेले अनेक कॅमेरे अजून सुस्थितीत आढळतात. नावापुढे एक्सएल ही अक्षरे असली, तर तो कमी उजेडात चित्रण करण्याच्या हेतूने बनवलेला असतो: शटर अधिक काळ उघडे राहते आणि भिंग जास्त प्रकाश आत घेते. कॅननच्या ३१० एक्सएल या हातात सहज मावणाऱ्या कॅमेऱ्याचे भिंग तर एफ १.० इतके उघडते; हा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. झूमच्या मोठ्या आकड्यांना भुलू नये, कारण हातात धरलेल्या कॅमेऱ्यात लांबचे दृश्य हमखास हलते. आणखी एक सांगतो. १९७३ साली फिल्मच्या कडेवर ध्वनी मुद्रित करणारे कॅमेरे आले. त्यांची ध्वनीची कार्ट्रिज १९९७ साली बंद झाली, त्यामुळे ते अवजड कॅमेरे आज कोणाला नको असतात. पण त्यांत मूक कार्ट्रिज बसते, भिंग पुष्कळदा चांगले असते आणि गिऱ्हाईक कमी म्हणून भावही उतरलेला असतो.

आता प्रत्यक्ष पारख. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कॅमेरा पाहायला जाताना खिशात सहा नवे पेन्सिल सेल न्यावेत. “चालू कंडिशनमध्ये आहे” या आश्वासनाचा निकाल तेच लावतात. सेल घालण्याआधी त्यांची पेटी उघडून पाहावी. आत हिरवट-पांढरी पूड साचली असेल, तर जुना सेल पाझरला आहे असे समजावे. पट्ट्या नुसत्या मळल्या असतील तर त्या व्हिनेगरने पुसता येतात, पण कुरतडल्या गेल्या असतील तर कॅमेरा परत ठेवावा. मग कार्ट्रिजच्या कप्प्याचे दार उघडून बटण दाबावे आणि कान द्यावा. आवाज एकसारखा यायला हवा. तो मध्येच चढत-उतरत असेल तर आतले वंगण घट्ट झाले आहे. कप्प्यात करंगळीच्या नखाहून लहान अशी एक चौकट दिसते आणि तिच्या कडेला फिल्म खाली ओढणारा बारीक दाता वर-खाली होत असतो. त्या चौकटीतून भिंगाकडे पाहत कॅमेरा उजेडाच्या दिशेने धरला, की उघडझाप करणारा प्रकाश दिसतो. व्ह्यूफाइंडरमधला काटा खिडकीकडे आणि मग अंधाऱ्या कोपऱ्याकडे रोखून पाहावा. तो जागचा हलला नाही, तर प्रकाशमापक गेला. शेवटी मोबाइलच्या दिव्याने भिंग आरपार तपासावे. आपल्याकडे, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, चामड्याच्या पेटीत घालून पावसाळ्यानुपावसाळे कपाटात पडलेल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरते आणि ती काचेवरचा लेपही खाते. बाहेरच्या ओरखड्यांपेक्षा ही बुरशी अधिक वाईट.

परदेशात राहून आलेल्या आत्या-मामांच्या माळ्यावरही असा कॅमेरा निघू शकतो, तेव्हा बाजारात जाण्यापूर्वी घरात विचारून घ्यावे. त्यात कोडाक्रोम या कोडॅकच्या जुन्या रंगीत फिल्मचे अर्धवट वापरलेले कार्ट्रिज सापडलेच, तर ते टाकू नये. रंगीत कोडाक्रोम धुणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात होती आणि तिने २०१० च्या अखेरीस ही फिल्म धुण्यासाठी घेणे थांबवले. पण कृष्णधवल पद्धतीने धुतल्यास त्यावरची चित्रे अजूनही निघण्याची शक्यता असते.

कॅमेरा हाती आल्यावर पहिले कार्ट्रिज लग्नात किंवा सहलीत वापरू नये. ऊन, सावली, घरातला उजेड, जवळचे आणि लांबचे दृश्य अशी प्रत्येकी काही सेकंदांची दृश्ये घेऊन त्यांचा क्रम वहीत उतरवावा आणि ती धुऊन आल्यावर कॅमेऱ्याची खोड ओळखावी. विमानाने प्रवास करताना फिल्म सामानात टाकू नये. ती हातातल्या पिशवीत ठेवून, क्ष-किरण यंत्रातून न नेता हाताने तपासावी अशी विनंती सुरक्षा कर्मचाऱ्यांना करावी. ५०० ची फिल्म असेल, तर ही विनंती अवश्य करावी. नमस्कार.