जहांगीरला शो झाला, म्हणजे गॅलरी मिळाली का?

नमस्कार. जे.जे., अभिनव, कोल्हापूरचं कलानिकेतन, कुठूनही शिकून बाहेर पडलेले चित्रकार मला हेच विचारतात, "जहांगीरला शो झाला. आता पुढे?" आज त्या 'पुढे'बद्दल बोलू या.

मुंबईत काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली. तिथे अर्ज करायचा, निवड झाली की आपल्या तारखेची वाट बघायची, आणि वर्षं जातात त्यात. मग आठवडाभरासाठी दालन भाड्यानं मिळतं. फ्रेम, टेम्पो, कॅटलॉग, निमंत्रणं, सगळा खर्च आपला. आठवडा संपला की भिंती पुढच्या चित्रकाराच्या. त्या शोचं मोल मोठं आहे, सामान्य माणूस तिथे चित्रं बघायला येतो. पण तुमच्या कामाची जबाबदारी तिथे कुणी घेतलेली नसते.

आता त्याच इमारतीचा जिना चढा. पहिल्या मजल्यावर १९६३ साली केकू आणि खोर्शेद गांधींनी गॅलरी केमोल्ड सुरू केली. नावाजलेले चित्रकार अतुल दोडिया, त्यांचा पहिला सोलो शो १९८९ साली तिथेच झाला. ही गॅलरी २००७ मध्ये फोर्टात गेली. पण तोवर खाली दालन भाड्यानं, वर गॅलरीच चित्रकार निवडणार, आणि मध्ये फक्त एक जिना! अशी गॅलरी तुमच्याकडून भाडं घेत नाही, विक्रीतला हिस्सा घेते, बऱ्याचदा निम्मा. निम्मा ऐकून पोटात गोळा येतो, कळतं मला. पण त्या बदल्यात तिनं संग्राहकांना तुमच्या चित्रासमोर उभं करायचं असतं, दिल्लीच्या इंडिया आर्ट फेअरला काम न्यायचं असतं, तुमची किंमत सांभाळायची असते. हे करणार नसेल, तर निम्मा कशाबद्दल?

मग अशा गॅलरीपर्यंत पोचायचं कसं? आधी प्रेक्षक म्हणून जा. कुलाबा-फोर्टातल्या गॅलऱ्यांमध्ये तिकीट नसतं. एकाच गॅलरीचे लागोपाठ तीन-चार शो बघा. तिथे व्हिडिओ आणि मांडणीशिल्पच (इन्स्टॉलेशन) दिसत असेल आणि तुम्ही कोकणची जलरंगातली निसर्गचित्रं करत असाल, तर तो दरवाजा तुमचा नाही. यात कमीपणा अजिबात नाही, दुसरी गॅलरी शोधा.

दुसऱ्याच्या ओपनिंगला स्वतःचा पोर्टफोलिओ उघडू नका. ती संध्याकाळ त्या चित्रकाराची आहे. गॅलरीच्या वेबसाइटवर काम पाठवण्याची पद्धत दिलेली असेल तर तशीच पाळा. एकाच मालिकेतली दहा-बारा चित्रं, प्रत्येकाखाली माध्यम, आकार, साल. काचेत ट्यूबलाइट चमकणारे फोटो नकोत. सोबत अर्धं पान, साध्या शब्दांत, तुम्ही काय करताय ते. आणि एकच मेल वीस गॅलऱ्यांना पाठवू नका, लगेच कळतं.

खरं सांगायचं तर गॅलरीवाले मेलपेक्षा डोळ्यांवर आणि ओळखीच्या चित्रकारांच्या शब्दावर जास्त विसंबतात. म्हणून बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन, राज्य कला प्रदर्शन, मित्रांनी मिळून केलेला ग्रुप शो, हे सोडू नका. तिथे काम दिसतं, मग कुणीतरी म्हणतं, "स्टुडिओत येऊ का?" त्या दिवशी अर्धवट कॅनव्हासही लपवू नका. बघणाऱ्याला तेही हवे असतात.

आणि चित्रं हातातून सोडण्याआधी कागद करा. मैत्री असली तरी. कुठली चित्रं दिली, किंमत काय, हिस्सा किती, विक्रीनंतर पैसे किती दिवसांत, चित्र खराब झालं तर भरपाई कोण देणार, स्टुडिओतून थेट विकायची मुभा आहे का. एक ओळ बहुतेकजण विसरतात, ती सूट. गॅलरीनं गिऱ्हाईकाला दहा टक्के सूट दिली, तर ती कुणाच्या हिश्श्यातून जाणार? हे आधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.