न झालेला सामना

(दृश्य – रिकामं इनडोअर मैदान. लाकडी फरशीवर चेंडू टप्पे खात जातो. गुणफलक उजळतो.)

112 विरुद्ध 77.

जुलै 1976, मॉन्ट्रियल. महिलांचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आलं, ते याच वर्षी. पुरुषांना 1936 मध्येच जागा मिळाली होती. बायकांना आणखी 40 वर्षं थांबावं लागलं. संघ सहाच. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, वेगळा अंतिम सामना नाही. त्यातल्या या सामन्यात सोव्हिएत संघाने अमेरिकेला 35 गुणांनी धुतलं.

जिंकणाऱ्यांच्या बेंचवर होत्या 51 वर्षांच्या कोच, लिडिया अलेक्सेयेवा. हरणाऱ्या संघात होती टेनेसी राज्यातली, शेतावर वाढलेली पॅट हेड. वय 24. ही गोष्ट या दोघींची आहे. आणि एका सामन्याची, जो झालाच नाही.

(दृश्य – जुनं मॉस्को, बर्फ, ट्राम.)

अलेक्सेयेवांचा जन्म 1924 चा, मॉस्कोतला. खेळाडू म्हणून त्यांनी 1950 ते 1956 या काळात चार वेळा युरोपचं विजेतेपद मिळवलं. पण ऑलिंपिक? त्यांच्या ऐन उमेदीत महिला बास्केटबॉलला तिथे दारच नव्हतं. 1958 मध्ये युरोपच्या स्पर्धेत बल्गेरियाने सोव्हिएत संघाकडून विजेतेपद हिसकावलं. चार वर्षांनी, 1962 मध्ये, राष्ट्रीय संघाची सूत्रं अलेक्सेयेवांच्या हाती आली आणि 1984 पर्यंत त्यांच्याच हाती राहिली.

या 22 वर्षांत युरोपची 12 विजेतेपदं, जगज्जेतेपदं पाच, ऑलिंपिक सुवर्णं दोन. आणि मोठ्या अधिकृत स्पर्धांमध्ये हरलेले सामने?

शून्य.

‘अजिंक्य’ हा शब्द आपण तसा सैल हाताने वापरतो. चार मालिका जिंकल्या की संघ अजिंक्य. इथे मात्र त्याला दुसरा शब्द नाही. अश्वमेधाचा घोडा सोडावा आणि तो 22 वर्षं कुणी अडवूच नये, असा हा प्रकार.

आता कुणी म्हणेल, त्यात काय मोठं? त्यांच्याकडे उल्याना सेम्योनोवा होती! खरंच आहे. लॅटव्हियाची ही सेम्योनोवा सात फुटांच्या घरातली. तिच्या हातात वरून चेंडू द्यायचा. ती टाच न उचलता तो बास्केटमध्ये ठेवायची. प्रतिस्पर्ध्यांनी उडी मारली तरी ते तिच्या कोपरापाशी. तिच्या रिगा शहरातल्या टी. टी. टी. या क्लबने 1960 ते 1982 या काळात युरोपियन चषक 18 वेळा जिंकला. म्हणजे देशात खाण होतीच.

पण ज्यांनी शाळेच्या मैदानावर का होईना हा खेळ खेळलाय, त्यांना ठाऊक असेल की संघात एक फार उंच खेळाडू आली की बाकीच्या चौघी हळूहळू प्रेक्षक होतात. चेंडू तिच्याकडे फेकला की आपलं काम संपलं! शिवाय सेम्योनोवा संघात यायच्या आधीच, 1964 आणि 1967 मध्ये, अलेक्सेयेवांनी जगज्जेतेपद मिळवलं होतं. उंची आयती मिळते. शिस्त लावावी लागते. रिगा, मॉस्को, लेनिनग्राड इथल्या क्लबांत एरवी एकमेकींशी झुंजणाऱ्या मुलींना एकत्र आणून एकीच्या पासवर दुसरीने डोळे झाकून धावायचं, हे 22 वर्षं, पिढ्या बदलत असताना, करून घेणं म्हणजे खायचं काम नाही.

(दृश्य – टेनेसी. तंबाखूची शेतं, गवताच्या गंज्या.)

आणि अमेरिकेत काय चाललं होतं? मुलींच्या खेळाला कॉलेजांत समान संधी देणारा कायदाच मुळी 1972 चा. 1974 मध्ये टेनेसी विद्यापीठाने महिला संघाची कोच म्हणून पॅट हेडला नेमलं, तेव्हा ती 22 वर्षांची होती. संघातल्या मुली तिच्या जेमतेम बरोबरीच्या. पगार महिन्याला 250 डॉलर. त्यात संघाची व्हॅन चालवणं आलं आणि मुलींचे गणवेश धुणंही. त्याच वर्षी तिचा गुडघाही दुखावला होता. त्या गुडघ्यासकट ती शिकवत राहिली, स्वतः सराव करत राहिली आणि मॉन्ट्रियलच्या संघात पोहोचली. रौप्यपदक घेऊन आली. 35 गुणांची ती हारही बरोबर आली.

इथून पुढे तिला अहोजाहो करायला हवं. लग्नानंतर त्या पॅट समिट झाल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाच्या कोचही झाल्या.

1979 ची जागतिक स्पर्धा सेऊलला झाली. दक्षिण कोरिया आणि मॉस्को यांचे राजनैतिक संबंधच नव्हते. सोव्हिएत संघ गेलाच नाही. समिट यांच्या अमेरिकेने स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षी मॉस्को ऑलिंपिक. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्याच्या मुद्द्यावर या वेळी अमेरिका गेली नाही. अलेक्सेयेवांनी बल्गेरियाला 104–73 हरवून दुसरं सुवर्ण घेतलं. दोघीही जिंकल्या, समोरासमोर न येता.

मग 1983 उजाडलं. ब्राझीलमधल्या साओ पाउलोत जागतिक स्पर्धा. या वेळी दोन्ही संघ हजर. एकदा नव्हे, दोनदा भिडले.

पहिला सामना: सोव्हिएत 85, अमेरिका 84.

अंतिम सामना: सोव्हिएत 84, अमेरिका 82. शेवटच्या काही सेकंदांत येलेना चाउसोवाच्या बास्केटने निकाल लावला.

मॉन्ट्रियलला 35 चा फरक. सात वर्षांनी दोन सामने मिळून तीन गुणांचा! घोडा अजून मोकळाच होता, पण त्याच्या लगामाला हात लागायला वीतभरच अंतर उरलं होतं. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिस ऑलिंपिक, अमेरिकेच्या घरच्या प्रेक्षकांसमोर. बास्केटबॉलवर जीव असणारा प्रत्येक जण तारखा मोजत होता.

(दृश्य – टेलिप्रिंटरची खडखड.)

8 मे 1984. सोव्हिएत संघाने बहिष्कार जाहीर केला.

कारणं राजकारणाची होती. त्यांचा पाढा इथे नको. अलेक्सेयेवा त्या वर्षी साठीच्या होत असताना पदावरून दूर झाल्या. लॉस एंजेलिसला समिट यांच्या संघाने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला 85–55 हरवलं आणि मुलींनी कोचला खांद्यावर उचलून घेतलं. खेळाडू म्हणून रौप्य, कोच म्हणून सुवर्ण. पण खरं सांगू? ते दृश्य कितीही गोड असलं तरी समोरचा बेंच रिकामा आहे हे डोळ्यांना टोचतंच. आणि हे बोलायचं तर मॉस्कोच्या 1980 च्या सुवर्णाबद्दलही बोलायला हवं. तिथेही समोर अमेरिका नव्हती. फिटंफाट.

(दृश्य – पुन्हा मॉस्को. या वेळी उन्हाळा.)

उधारी वसूल केली ती तिसरीने. के यो. नॉर्थ कॅरोलिनाच्या या बाई लॉस एंजेलिसला समिट यांच्या सहायक होत्या. 1986 च्या उन्हाळ्यात त्या अमेरिकेचा संघ घेऊन थेट मॉस्कोत गेल्या. गुडविल गेम्स या आंतरराष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत 83–60. काही आठवड्यांनी, त्याच शहरात, जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात 108–88. दोन्ही वेळा हरलेला संघ सोव्हिएत.

घोडा अडला तो स्वतःच्याच अंगणात. तेव्हा बेंचवर अलेक्सेयेवा नव्हत्या, त्यामुळे त्यांचं शून्य शून्यच राहिलं.

पुढच्या वर्षी यो यांना स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली आणि 1988 मध्ये त्या सेऊल ऑलिंपिकला संघासोबत उभ्या होत्या. उपांत्य फेरीत सोव्हिएत संघाला 102–88, अंतिम फेरीत युगोस्लाव्हियाला 77–70. सुवर्ण. समिट यांच्या 1984 च्या संघातली उंच सेंटर अ‍ॅन डोनोव्हन या संघातही होती. वीस वर्षांनी बीजिंगला सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकन संघाची कोच तीच.

(दृश्य – टेनेसीतलं नॉक्सव्हिल शहर. इमारतीच्या माथ्यावर 30 फुटी नारिंगी बास्केटबॉल.)

1999 मध्ये नॉक्सव्हिलला महिला बास्केटबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे गौरवदालन, उघडलं. समिट यांचं विद्यापीठ याच गावात. पहिल्या तुकडीत 25 नावं निवडली. मॉन्ट्रियलला अमेरिकेच्या कोच असलेल्या बिली मूर त्यात आहेत. त्या स्पर्धेत अमेरिकेचा पहिला बास्केट करणारी लुशिया हॅरिस आहे. सेम्योनोवा आहे.

पॅट समिट आहेत. आणि मॉस्कोच्या लिडिया अलेक्सेयेवा आहेत, त्याच छपराखाली.

(चेंडूचे टप्पे. अंधार.)