आजच्यापुरती भाकर

पुण्याहून दौंडकडे निघालं की वाटेत केडगाव लागतं. इथल्या मुक्ती मिशनचं आवार आज झाडांनी भरलंय. पंडिता रमाबाईंनी जमीन घेतली, तेव्हा मात्र डोक्यात आधी फळबाग होती.

त्याला कारण पैशाचं. 1889 साली मुंबईत काढलेलं आणि पुढच्या वर्षी पुण्याला हलवलेलं त्यांचं शारदा सदन, म्हणजे विधवांसाठीचं घर आणि शाळा, अमेरिकेतल्या देणगीदारांच्या मदतीवर चालायचं. त्यांचा शब्द दहा वर्षांचा. मग पुढे? बाग लावावी, तिच्यावर घर चालावं. देवावर भिस्त ठेवणारी ही बाई आधी झाडांचा विचार करते, हे मला फार आवडतं.

पण बाग हाताशी यायच्या आत दुष्काळ आला. 1896-97. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. भूक म्हणजे काय, हे रमाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. वडील, आई, थोरली बहीण, तिघंही त्यांनी अशाच उपासमारीच्या दिवसांत गमावली होती. त्या उठून गेल्या आणि मुली घेऊन आल्या. दहा-वीस नव्हे, तीनशेच्या घरात.

शहाणा माणूस आधी कोठार भरतो, मग पाहुणे बोलावतो. इथे पाहुणे आधी आले. त्यात पुण्यात प्लेग. एवढ्या मुली शहरात ठेवणं अशक्य झालं, म्हणून त्यांना केडगावच्या मोकळ्या जमिनीवर आणलं. बागेसाठी घेतलेल्या जागेचं असं 'मुक्ती' झालं.

पाठीशी फारसं कुणी होतं असंही नाही. सदनातल्या मुली ख्रिस्ती होताहेत, यावरून 1893 मध्ये पुण्यात मोठं वादळ उठलं होतं आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले होते. त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. सदन सुरू झालं, ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या बोलीवर.

मग 1900 चा दुष्काळ, या वेळी गुजरातेतून मुली. आवारातली माणसं दोन हजारांच्या आसपास पोचली. जरा हिशेब करून बघा. माणशी दिवसाला तीन भाकरी धरल्या, तरी सहा हजार. रोज. कुठल्याही सरकारी खात्याच्या भरवशावर नाही.

चर्चमध्ये आपण दर रविवारी म्हणतो, "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे." 'आज' हा शब्द आपल्या तोंडून सहज निघून जातो. महिन्याचं वाणसामान भरलेलं असतं ना! केडगावात त्या शब्दावर दोन हजार ताटं वाढली जायची. आणि प्रार्थना झाली की हात कामाला लागायचे: शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना.

छापखान्यापाशी थोडं थांबू. साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणायचं रमाबाईंनी मनावर घेतलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भाषांतर त्यांचं आणि छपाई आश्रमातल्या बायकामुलींची. शिशाचे बारीक खिळे, अक्षरं उलटी, एकेक उचलून ओळीत बसवायचं. वेलांटी चुकली, की ओळ पुन्हा.

1921 मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, आईच्या कामाचा उजवा हात. रमाबाईंना आता नीट ऐकूही येत नव्हतं. तरी मुद्रितं तपासणं थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. मिशनमध्ये सांगतात, की शेवटचं काम पुरं होईपर्यंतचे दिवस त्यांनी देवाकडे मागून घेतले होते. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडलं.

त्या खिळ्यांतून कधीतरी रोजच्या भाकरीची ओळही जुळवली गेली असणार. जुळवणारी कदाचित दुष्काळातून आलेली असेल. खिळे उलटे असले, तरी ती ओळ तिला लगेच वाचता आली असेल.