कैरोची लैला

नमस्कार श्रोतेहो.

आज ज्या गायिकेविषयी बोलायचं आहे, तिला इजिप्तच्या लोकांनी पडद्यावर पाहिलं ते नंतर. आधी ऐकलं, आणि तेही रेडिओवर. 31 मे 1934 या दिवशी कैरोमध्ये सरकारी रेडिओ केंद्र सुरू झालं आणि त्याच वर्षी सोळा वर्षांची एक मुलगी तिथे गायला लागली. तिचं नाव लैला मुराद.

घर गाण्याचंच होतं. वडील झकी मुराद हे कैरोतले नावाजलेले गायक. संगीत नाटकांत कामं केलेली, ध्वनिमुद्रिका निघालेल्या. पण मधली काही वर्षं ते गाण्याच्या दौऱ्यासाठी अमेरिकेला गेले आणि लवकर परतलेच नाहीत. मागे घराची ओढाताण झाली. परत आले तेव्हा लेकीच्या गळ्यात काय आहे ते त्यांच्या लक्षात आलं. दाऊद हुस्नी या जुन्या, जाणत्या संगीतकाराकडे तिची तालीम झाली. मुराद कुटुंब ज्यू, दाऊद हुस्नीही ज्यू. त्या काळच्या कैरोत यात कुणाला वेगळं वाटत नसे. आपल्या मुंबईच्या सिनेमात सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, नादिरा आणि डेव्हिड यांचा धर्म तिकिटाच्या रांगेत कुणी विचारत नव्हतं, तसंच.

1938 साली मोहम्मद अब्देल वहाब यांनी तिला नायिका म्हणून घेतलं. अब्देल वहाब म्हणजे त्या वेळचे सर्वांत मोठे गायक-संगीतकार, स्वतःच नायकही. चित्रपट होता ‘याह्या अल-हुब्ब’. पोरगी लाजरी होती, अभिनय कच्चाच होता, हे तिचे चाहतेही मान्य करतात. पण गायला लागली की सगळं माफ.

तिचं मोठेपण कशात होतं ते इथे थोडं थांबून सांगायला हवं. त्याच काळात इजिप्तच्या थोर गायिका उम्म कुलसूम दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मैफल करत. ती रेडिओवरून साऱ्या अरब जगात ऐकली जाई. एकेक गाणं तास-तासभर चाले, एकेका ओळीला वन्समोअर मिळे आणि दर वेळी ओळ नवी होऊन येई. सिनेमाच्या गाण्याला ही चैन परवडत नाही. चार-पाच मिनिटांत मुखडा, अंतरे, सगळं आटपायचं आणि गोष्ट पुढे न्यायची. लैलानं ते जमवलं. आवाज फेकायचा नाही, मायक्रोफोनच्या जवळ राहून बोलल्यासारखं गायचं. हरकत घ्यायची, पण इतकी छोटी की ऐकणाऱ्याला ती घेतल्याचं कळूही नये. ‘अंबर’ या 1948च्या चित्रपटातलं ‘अना अल्बी दलीली’ ऐका. चाल मोहम्मद अल-कसबगी यांची. हे गृहस्थ उम्म कुलसूमच्या साथीला उद हे तंतुवाद्य वाजवायचे आणि चाली मात्र काळाच्या पुढच्या बांधायचे. ती अवघड चाल लैला अशी गाते, की वाटतं, आपल्यालाही येईल. प्रयत्न करून पाहा, येत नाही!

तोगो मिझराही या दिग्दर्शकानं तिच्याबरोबर लागोपाठ पाच चित्रपट केले. त्यांतला 1942चा ‘लैला’ फार चालला. मिझराहींच्या या चित्रपटांपासूनच एक गंमत सुरू झाली. नायिकेचं नाव लैला, आणि चित्रपटाच्या नावातही लैला. गावातली लैला, शाळेतली लैला, अंधारातली लैला, गरिबाघरची लैला, श्रीमंताघरची लैला! निर्मात्यांना नावं सुचत नव्हती असं नाही. ते एक नाव पाटीवर असलं की पुरत होतं.

‘गरिबाघरची लैला’, म्हणजे ‘लैला बिंत अल-फुकरा’, 1945चा. नायक आणि दिग्दर्शक अन्वर वगदी. देखणा, धडपड्या, आणि पैशाला पक्का. चित्रपटातल्या लग्नाच्या प्रसंगाच्या वेळीच त्या दोघांनी आपलं खरं लग्न जाहीर केलं, असं सांगतात. वगदीचा स्वभाव पाहता खरंही असेल, जाहिरातीची संधी तो सोडणारा नव्हता. संसार मात्र वादळी झाला. पुन्हा पुन्हा तुटला, पुन्हा जुळला आणि शेवटी मोडला. लग्नानंतर काही काळानं लैलानं इस्लाम स्वीकारला.

या जोडीचं सर्वांत सुंदर काम म्हणजे 1949चा ‘गझल अल-बनात’. हम्माम नावाचा एक गरीब, उतारवयाचा भाषाशिक्षक एका पाशाच्या, म्हणजे बड्या सरदाराच्या, लाडावलेल्या मुलीला शिकवायला येतो आणि तिच्यात गुंततो. हम्मामचं काम नगीब अल-रिहानी यांनी केलं. रंगभूमीवरचा हा थोर विनोदी नट चित्रपट झळकायच्या आधीच, जून 1949 मध्ये वारला. शेवटाकडे अब्देल वहाब येऊन एक गाणं गातात आणि कॅमेरा रिहानींच्या चेहऱ्यावर थांबतो. आयुष्यभर लोकांना हसवलेल्या माणसाचे डोळे भरतात. त्या प्रसंगात लैला गात नाही, नुसती ऐकते. नायिकेनं असं बाजूला होणं सोपं नसतं.

मग आलं 1952. जुलैमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी राजा फारूकला घालवलं. नव्या राजवटीचं ऐक्य, शिस्त आणि काम हे ब्रीद ज्या गाण्यानं लोकांपर्यंत नेलं, ते लैलाच गायली. आणि त्याच वर्षी बातमी पसरली, की ती गुपचूप इस्रायलला जाऊन आली आणि तिनं तिथे मोठी रक्कम दिली. सीरियानं तिची गाणी बंद केली. इजिप्तमध्ये चौकशी झाली, आरोपांत तथ्य नाही असं जाहीर झालं. पण सीरियातली बंदी त्यानंतरही टिकली.

1955 साली तिचा शेवटचा चित्रपट आला. वय सदतीस. त्यानंतर ती पडद्यावर आली नाही. त्या अफवेनंच तिला घरी बसवलं, अशी मांडणी पुष्कळदा वाचायला मिळते. मला ती फार सोयीची वाटते. अफवेनंतरही तिचे चित्रपट येत राहिले. त्याच वर्षांत वगदीशी काडीमोड झाला होता, पुढे आणखी दोन लग्नं झाली, दोन मुलगे झाले, आणि पडद्यावर नवी माणसं आली होती. धाकटा भाऊ मुनीर मुराद तर त्या नव्या पिढीसाठी चाली बांधत होता. एका बाईनं काम थांबवलं की कारण एकच असायला हवं, असा हट्ट का धरावा? तिनं स्वतः याचा फारसा खुलासा केला नाही. 21 नोव्हेंबर 1995 रोजी कैरोत ती गेली, तोवर चाळीस वर्षं ती प्रसिद्धीपासून लांबच होती.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. 1953च्या ‘लैला बिंत अल-अकाबिर’मध्ये तिचं एक गाणं आहे, ‘या राइहीन लिन्नबी अल-गाली’. हजला निघालेल्यांना घातलेली साद. संगीत रियाद अल-सुनबाती यांचं. हजचे दिवस आले की इजिप्तमध्ये ते आजही वाजतं. यात्रेकरूंना निरोप देणारं सर्वांत लाडकं गाणं ज्यू घरात जन्मलेल्या मुलीच्या गळ्यातलं आहे, हे तिथल्या पुष्कळांना ठाऊक आहे. तरी लावतात. मला वाटतं, तिच्यावर संशय घेणाऱ्यांना याहून चोख उत्तर कुणी दिलेलं नाही.

ज्यांना अरबी येत नाही त्यांनी सुरुवात कुठून करावी? माझं ऐकाल तर ‘गझल अल-बनात’पासूनच. त्यात ‘अबगद हव्वझ’ नावाचं एक गाणं आहे, अरबी मुळाक्षरांची थट्टा करणारं. भाषा न कळताही ते कळतं. त्यानंतर ‘अना अल्बी दलीली’, आणि मग वेळ असेल तर 1950च्या ‘शाती अल-गराम’मधली समुद्रकाठची गाणी. तो मर्सा मत्रूह या गावी चित्रित झाला, आणि तिथल्या किनाऱ्यावरच्या एका खडकाला लोक अजून लैला मुरादचा खडक म्हणतात.

नमस्कार.