गोळी कुठे जाते

[दृश्य: उजाडायच्या आधीचं काळं रान. दूर मातीचा उंच बांध, त्यापुढे लाकडी चौकटीवर पांढरा कागद.]

मे महिन्यात मराठवाड्यात सकाळी आठनंतर लांबचं काही खरं दिसत नाही. नांगरून पडलेलं काळं रान तापायला लागतं, जमिनीलगतची हवा हलते, आणि समोर पाणी असल्यासारखं लकाकतं. मृगजळ. हरणाला फसवणारं पाणी म्हणून आपल्या भाषेनं त्याला हे नाव दिलं. रायफलीवरच्या दुर्बिणीतून पाहिलं की हे मृगजळ आणखी मोठं होतं. कागदावरचा काळा ठिपका थरथरतो, सरकतो, जिथं आहे तिथं दिसतच नाही. म्हणून काका सहाच्या आत नेमबाजीच्या रेंजवर हजर असतात.

काका फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात त्यांची तूर आणि कापसाची शेती आहे. घरात परवान्याची ३१५ बोरची रायफल आहे, देशी बनावटीची, दर गोळीला हातानं बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, मागेपुढे करायची. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं बऱ्याचदा पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. त्या वेळी काकांनी दुर्बीण काढून घरी ठेवली होती. आता रायफल परत आली आहे, दुर्बीण पुन्हा बसवली आहे, आणि गोळी कुठे जाते हे या घडीला कोणालाच ठाऊक नाही.

"पहिल्या जागीच बसवली की," असं मी म्हणाले.

"पोरी, केसाएवढी हलली तरी तिकडं वीतभर जाती."

[दृश्य: टेबलावर रायफल, वाळूच्या थैल्या. कागदाच्या चौकटीला टांगलेला ओळंबा.]

काकांनी पिशवीतून पहिल्यांदा काढला तो गवंड्याचा ओळंबा. दुर्बिणीत डोळा लावला की दोन बारीक रेघांची फुली दिसते. त्यातली उभी रेघ खरोखर उभी हवी. ती कलली असेल तर जवळ काही कळत नाही, पण अंतर वाढलं की गोळी एका अंगाला जायला लागते. चौकटीला ओळंबा टांगायचा, रायफल सरळ ठेवायची, दोरीशी रेघ जुळवायची आणि मगच दुर्बीण धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू आवळायचे. तेही एक इकडचा, एक तिकडचा, थोडे थोडे. एकच बाजू पिळली तर दुर्बिणीची नळी मुरडते.

मग डोळ्याचं अंतर. काकांच्या उजव्या भुवईवर चंद्रकोरीसारखा वण आहे. तरुणपणी दुसऱ्याच्या रायफलीला डोळा अगदी टेकवून त्यांनी घोडा दाबला होता. दणक्यानं दुर्बीण मागे आली आणि तिच्या कडेनं भुवई फोडली. आठ ते दहा सेंटिमीटर जागा सोडायची असते.

यानंतरची युक्ती मला सगळ्यात आवडली. बोल्ट काढून टाकायचा आणि पाठीमागून थेट नळीतून पाहायचं. २५ मीटरवरचा ठिपका नळीच्या गोलात मधोमध आणायचा. रायफल जागची न हलवता वरच्या दुर्बिणीतून बघायचं आणि फुली त्याच ठिपक्यावर आणायची. एकही काडतूस खर्च न होता गोळी निदान कागदावर लागेल एवढी सोय झाली.

[दृश्य: ज्वारीचं रान. मचाणावर उभी बाई गोफण फिरवते आहे.]

नळी आणि दुर्बीण एका रेघेत नसतात. दुर्बीण नळीच्या वर चारेक सेंटिमीटर असते. नजर सरळ जाते. गोळी मात्र नळीतून सुटल्या क्षणापासून खाली येऊ लागते, कितीही वेगाची असली तरी. गोफणीनं पाखरं राखणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. लांबच्या बांधावरच्या थव्यासाठी ती दगड थोडा वर रोखून सोडते. रायफलीची नळीही नजरेच्या रेघेला अशीच किंचित वर रोखलेली असते. गोळी ती रेघ एकदा जवळ ओलांडते, वर जाते आणि पुढे उतरताना दुसऱ्यांदा ओलांडते. ही दुसरी भेट किती अंतरावर व्हावी ते ठरवणं म्हणजे फौजेच्या भाषेत झिरो करणं.

[दृश्य: पहिला बार. कागदाचा जवळून फोटो.]

२५ मीटरवर तीन गोळ्या, थोडी जुळवाजुळव, मग कागद १०० मीटरवर. पहिली गोळी खाली लागली. माझा हात लगेच दुर्बिणीवरच्या चकतीकडे गेला. काकांनी मनगट धरलं.

"एका गोळीवर इस्वास ठेवायचा नाय. श्वास तुझा चुकला का दुर्बीण चुकली, कसं सांगशील? तीन बघ."

तीन झाल्या. तिन्ही भोकं बोटाबोटाच्या अंतरावर, ठिपक्यापासून सरासरी ९ सेंटिमीटर खाली, ५ सेंटिमीटर उजवीकडे. तिन्ही एकत्र पडली, म्हणजे हात ठीक आहे आणि चूक दुर्बिणीची आहे. भोकं कागदभर विखुरली असती तर चकतीला हातच लावायचा नव्हता. मग स्क्रू बघायचे, थैल्या बघायच्या, नळी कशाला टेकली तर नाही ते बघायचं. थैली रायफलीच्या लाकडी भागाखाली हवी, नळीखाली कधीच नाही.

चकती फिरवली की टक्‌ टक्‌ असा हलका धक्का बोटाला लागतो. या दुर्बिणीची एक टक म्हणजे मिनिटाचा पाव भाग. मिनिट हे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा हिस्सा. १०० मीटरवर एका टकेनं गोळी साधारण ७.३ मिलिमीटर सरकते. हिशोब काकांनी तळहातावर पेनानं केला: वर १२, डावीकडे ७. हीच ९ सेंटिमीटरची चूक २५ मीटरवर असती तर पन्नासच्या आसपास टका लागल्या असत्या, कारण अंतर चौथाई झालं की एका टकेची सरकही चौथाई होते. ही गल्लत फार जण करतात आणि काडतुसांचा डबा रिकामा करून बसतात.

पुढच्या तीन गोळ्यांआधी पंधरा मिनिटं थांबायचं. नळी तापली की गोळ्या जागा सोडतात.

[दृश्य: बांधाच्या डाव्या अंगाला, पडीक रानात काळविटांचा कळप.]

त्या पंधरा मिनिटांत हरणं आली. सात-आठ माद्या, मागे पिळदार शिंगांचा काळा नर. काकांनी काही न बोलता बोल्ट उघडा ठेवला, काडतुसं डब्यात टाकली, रायफलीपासून दोन पावलं मागे सरले. लोखंडी पेटीतून दोन डोळ्यांनी बघायची दुर्बीण काढून माझ्या हातात दिली. मराठीत दोन्ही वस्तूंना दुर्बीणच म्हणतात. पण रायफलीवरच्या दुर्बिणीतून जित्राब बघायचं नाही, कारण तिच्या मागोमाग नळीही तिकडेच वळते.

अमेरिकेत शरद ऋतूत हरणांचा मोसम उघडतो, आणि त्याआधी तिथले शिकारी असेच कागद टांगून बसतात. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं सुमारे वीस सेंटिमीटरच्या गोलात मावतात, त्यात गोळी जायला हवी. म्हणून बरेच जण २०० यार्डांवर झिरो करतात. त्यांच्या नेहमीच्या थर्टी-ओ-सिक्स रायफलीची गोळी मग १०० यार्डांवर सुमारे ५ सेंटिमीटर वर लागते आणि ३०० यार्डांवर २० सेंटिमीटरच्या आसपास खाली. तिथला कायदा वेगळा आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड, आणि नुसतं जखमी करणं हीसुद्धा शिकारच. हरणांनी हरभरा खाल्ला तर पंचनामा करायचा आणि वनविभागाकडे भरपाई मागायची. काकांच्या तुरीचे शेंडे हा कळप दर साली खातो. काका अर्ज लिहितात.

रायफल रानडुकरासाठी आहे, तीही वनविभागाची लेखी परवानगी हातात असेल तेव्हाच. आणि एवढा खटाटोप का, ते त्यांनी चहा पिताना सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी गाडीतून उतरवताना रायफल दगडावर आपटली होती. झिरो न तपासता त्यांनी रात्री डुकरावर बार टाकला. गोळी पोटात गेली. रक्ताचा माग काढत ते कापसातून हिंडले, अंधारात माग हरवला. सकाळी नाल्यात सापडलं, तेव्हाही जिवंत होतं.

"रात्रभर," काका म्हणाले, आणि कप खाली ठेवला.

[दृश्य: दुसऱ्या तीन गोळ्या. काका कागदावर बोट ठेवतात.]

तीन भोकं. ठिपक्याच्या आत दोन, कडेला एक. उन्हानं कागद हलायला लागला होता. काकांनी रायफल आवरली.

"झालं?" मी विचारलं.

"न्हाय. उद्या."

रानात पहिली गोळी नेहमी थंड नळीतून जाते. आजच्या तिन्ही आधीच बार झालेल्या, पुरती न निवलेल्या नळीतल्या. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच टेबल, त्याच थैल्या आणि एकच काडतूस, त्याच डब्यातलं. गोळीचं वजन किंवा काडतुसाची बनावट बदलली की जागा बदलते, मग सगळं पहिल्यापासून.

[दृश्य: एकच बार. लांबवर टिटव्या उठतात. कागदाकडे चालत जाणारे काका.]

ठिपक्याच्या मध्यापासून एक बोट वर. काकांनी चकतीला हात लावला नाही. शाळेच्या वहीत तारीख लिहिली, अंतर लिहिलं, डब्यावरचा क्रमांक उतरवला, आणि शेवटी: थंड नळी, एक बोट वर.