पोकळ झाडांची यादी

(पडदा काळा. पहाटेच्या रानाचा आवाज. हळूहळू उजेड.)

हा पिंगळा सगळ्यांच्या ओळखीचा. नागपूरच्या महाराजबागेतल्या जुन्या झाडांवर, सिव्हिल लाईन्समधल्या बंगल्यांच्या वळचणीला, दिवेलागणीला चिरकायला लागतो तो हाच. त्याच्या डोक्यावरचे पांढरे ठिपके बघा. कॅमेरा जवळ जातोय. नीट बघून घ्या, पुढे लागणार आहेत.

(दृश्य बदलतं. सागाचं रान, फांद्या उघड्या.)

आणि हा दुसरा. फेब्रुवारीचा महिना, मेळघाटात सेमाडोहच्या पुढे. सकाळचे नऊ वाजलेत. घुबडाच्या जातीनं या वेळी ढोलीत झोपायला हवं, पण हा भर उन्हात, सागाच्या वाळक्या फांदीवर, सगळ्या जगाला दिसेल असा बसलाय. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच. छातीवर रुंद तपकिरी पट्टे, खाली पोट पांढरंशुभ्र. पाय जाड, पांढऱ्या पिसांत गुंडाळलेले. आता शेपटी बघा, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. खाली गवतात काहीतरी हललंय.

(झेप. सरडा चोचीत. आवाज नाही.)

हा रानपिंगळा. लांबी २३ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. मध्य आणि पश्चिम भारतातली मोजकी रानं सोडली तर जगात कुठेही नाही.

त्याची पहिली नोंद नागपूरच्या अमलाखालच्या मुलखातली. डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्ल्यूइट यांनी बसना-फुलझर भागात एक पक्षी मिळवला. आज ते छत्तीसगडमध्ये आहे, तेव्हा ते मध्य प्रांतात होतं आणि प्रांताची राजधानी होती नागपूर. पुढच्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी या पक्ष्याचं वर्णन प्रसिद्ध करून त्याला ब्ल्यूइट यांचं नाव दिलं. हे तेच ह्यूम, ज्यांचं नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात वाचतो.

त्यानंतर खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांना तळोदा-शहाद्याकडे आणखी काही पक्षी मिळाले. सगळे मिळून सातच नमुने, म्हणजे कातडं भरून जपून ठेवलेले पक्षी, आणि शेवटचा १८८४ चा.

(नकाशा. बोट खानदेशावरून गुजरातेत सरकतं.)

आता इथे थोडं थांबू. ही हकिकत कळल्याशिवाय पुढची शंभर वर्षं का वाया गेली ते कळत नाही. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या इंग्रज लष्करी माणसाने सांगितलं होतं, की १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवीजवळ आपल्याला रानपिंगळा मिळाला. नमुना समोर होता, चिठ्ठीवर तारीख होती, त्यामुळे सगळ्यांनी विश्वास ठेवला. पण १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीशास्त्रज्ञांनी तो नमुना बारकाईनं तपासला. कातडं उसवून पुन्हा भरलेलं होतं. मूळ शिवण, आतलं भरण, पंखाखालची पद्धत हे सगळं डेव्हिडसन यांच्या हाताचं. ब्रिटिश संग्रहालयातून तो पक्षी चोरून वर नवी चिठ्ठी लावली होती.

दरम्यान कितीतरी लोक रानपिंगळा शोधत हिंडले. सालीम अली आणि डिलन रिप्ले या पक्षीतज्ज्ञांनीही शोध घेतला. रानपिंगळ्याचे म्हणून काही फोटो छापूनही आले. पाहिलं तर डोक्यावर ठिपके, म्हणजे तो साधा पिंगळाच.

खोटी नोंद बाजूला काढल्यावर खऱ्या जागा तेवढ्या उरल्या. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट भारतात आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा दिसला. मधे ११३ वर्षं गेली होती. तेव्हाही तो असाच उन्हात बसलेला होता.

पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तोरणमाळ आणि मेळघाट पिंजून काढलं. मग यावल, मध्य प्रदेशातलं खंडवा-बुऱ्हाणपूरकडचं रान, मुंबईजवळचं तानसा, गुजरातेतलं पूर्णा अभयारण्य अशी एकेक जागा कळत गेली. २०१८ मध्ये धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत त्याला 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' या वर्गात आणलं गेलं. नव्या जागा सापडल्या म्हणून हा बदल झाला, पक्षी वाढले म्हणून नव्हे. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज आजही २५० ते ९९९ असाच दिला जातो. धरमपेठेतल्या एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये याहून जास्त पाहुणे असतात.

(धरमपेठेतलं एक घर. सतरंजीवर पसरलेला मेळघाटाचा नकाशा. चहाचे कप कोपऱ्यांवर.)

नागपूरच्या या घरात दर रविवारी माणसं जमतात. दोन निवृत्त वनपाल, एक संशोधक मुलगी, शाळेतल्या एक बाई, आम्ही कॅमेरेवाले. राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय याच शहरात आहे, जैवविविधता मंडळही इथेच. त्यामुळे रानपिंगळ्यासाठी काही लेखी मागण्या द्यायच्या तर त्यांचा मसुदा नागपुरात लिहिला जावा, असं या मंडळींना वाटलं. नकाशाचे कोपरे उडू नयेत म्हणून त्यांनी कप ठेवलेत आणि चहा गार होतोय.

मसुद्याचं पहिलं पान वाचलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं, सुरुवात पक्ष्यांपासून होईल. ती झाडांपासून आहे.

रानपिंगळा स्वतः घर बांधत नाही. त्याची चोच लाकूड कोरणारी नाही. सुतार पक्षी किंवा तांबट कोरून गेले असतील, किंवा फांदी मोडून बुंधा आतून कुजला असेल, तरच त्याला ढोली मिळते. आणि ढोली होण्याइतकं झाड म्हातारं व्हावं लागतं. रोहन, मोई, सालई ही झाडं सागाइतकी किमती नाहीत, पण घर त्यांच्यात मिळतं. म्हणजे ज्या झाडाकडे माणूस 'वाळलं, आता पाडा' म्हणून बघतो, तेच याला हवं असतं.

(जंगल. बुंध्याला हात लावून बघणारा वनमजूर.)

मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात, म्हणजे आतल्या राखीव भागात, तोड नाही. पण रानपिंगळा गाभ्याबाहेरही आहे. गाभ्याभोवतीच्या बफरमध्ये, वनखात्याच्या प्रादेशिक विभागांत, शेताच्या बांधाला लागून असलेल्या विरळ रानात. तिथे वनखात्याच्या कार्य आयोजनेप्रमाणे कूप, म्हणजे तोडीचे तुकडे, ठरतात आणि तोडायच्या झाडांवर खुणेचा, मार्किंगचा हातोडा पडतो. मेलेली, रोगट, पोकळ झाडं आधी काढायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. म्हणून मसुद्यात मागणी एवढीच, की हातोडा पडण्याआधी पोकळ झाडांची यादी व्हावी. प्रत्येक बीटमध्ये, म्हणजे एकेका वनरक्षकाच्या हद्दीत. बुंध्यावर रंगाचा पट्टा, पट्ट्यावर नंबर, आणि तो नंबर वनरक्षकाच्या वहीत. पट्टा असलेलं झाड उभं राहील, मग ते पुरतं वाळलेलं असलं तरी.

हे सोपं वाटतं. यादी करायला आम्ही चार दिवस या मंडळींबरोबर चाललो. सोबत एक कोरकू वाटाड्या काका होते. ते वर बघतच नव्हते. आम्ही दुर्बीण लावून फांद्या चाळत होतो आणि ते बुंध्यापाशी पाचोळा उकरत होते. म्हणाले, "खाली पाहा ना जी. वरचा खाली टाकतेच काही ना काही."

(पाचोळ्यात करड्या रंगाची गोळी. संशोधक मुलगी ती चिमट्यानं उचलते.)

ही ती गोळी. पिंगळा भक्ष्य सबंध गिळतो आणि न पचलेलं असं बांधून तोंडावाटे बाहेर टाकतो. तिनं ती कागदावर उकलली. उंदराची कवटी, सरड्याच्या जबड्याचा तुकडा, नाकतोड्यांचे पाय. शेतात उंदरांसाठी विष टाकतात त्याची काळजी मसुद्यात का आहे, ते या कागदावर दिसतं.

दुसरं काम ऐकण्याचं. सकाळी उजाडताना एका जागी थांबायचं, रानपिंगळ्याची रेकॉर्ड केलेली शीळ अगदी थोडा वेळ वाजवायची आणि बंद करून थांबायचं. उत्तर आलं तर नकाशावर खूण. न आलं तरी खूण, वेगळ्या रंगाची. शीळ पुन्हा पुन्हा वाजवायची नाही, हा मुलीचा सक्त नियम. पक्षी आपली जागा राखायला बाहेर येतो, ढोली उघडी पडते आणि लहान पक्षी त्याच्यामागे लागतात. एकदा आम्ही चांगल्या शॉटसाठी तिला शीळ आणखी एकदा वाजवायला सांगितलं. तिनं स्पीकर पिशवीत टाकला आणि चालू लागली. तिचं बरोबर होतं.

मसुद्यातलं एक पान वाचून आम्हीही चमकलो. तिथे लिहिलंय, सगळीकडे रोपं लावू नका. रानपिंगळ्याला घनदाट रान नको असतं. मधे मोकळी जागा, खाली गवत, वर बसायला उघडी फांदी, असं रान त्याला शिकारीला लागतं. वनमहोत्सवात जिथे आपण खड्डे खणतो, तीच जागा कधी कधी त्याचं अंगण असते. या पानावर त्या घरात दोन रविवार वाद झाला. एक वनपाल काका म्हणत होते, आम्ही आयुष्यभर झाडं लावली, आता हे काय? शेवटी वाक्य राहिलं, शेजारी त्यांची सही आहे.

(रात्र. दूरच्या उतारावर आगीची लाल रेघ.)

हे १५ फेब्रुवारीनंतरचं चित्र. वणव्याचा हंगाम. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, वाऱ्यानं तो पुढे सरकतो. हिरवं झाड बहुधा वाचतं. पोकळ झाड आतून पेटतं, चिमणीसारखं, आणि दोन दिवस धुमसत राहतं. म्हणून यादीतल्या प्रत्येक झाडाभोवती हंगामाआधी पाचोळा झाडून काढायचा, एवढं काम मसुद्यात वनमजुरांच्या रोजीसह धरलंय.

वाळली झाडं राखली तर आसपासच्या गावांना सरपण कुठून, याचं उत्तर गॅसच्या टाक्यांपासून सुरू होतं आणि टाकी भरायच्या पैशापाशी अडतं. त्यावर गावांशी बोलणी व्हायची आहेत.

(सकाळ. रोहनाचं उंच झाड. बुंध्यावर पिवळा ओला पट्टा. ब्रश धरलेला हात.)

हे यादीतलं पहिलं झाड. वरच्या अर्ध्याला पान नाही. रंग वाळेपर्यंत आम्ही लांब जाऊन बसलो. सगळे गप्प होते. तासाभरानं वाटाड्या काकांनी हनुवटीनं वर दाखवलं.

(ढोलीचं तोंड. अंधार. मग दोन पिवळे डोळे. निवेदन नाही. दृश्य पूर्ण एक मिनिट धरून ठेवावं.)