गोलक नसलेली पंचायत

सत श्री अकाल आणि नमस्कार. बारा वाजल्याचा विनोद कुणाला सांगायचा असेल तर आत्ताच सांगून घ्या, माझ्या घड्याळात साडेसहा झालेत.

मी नांदेडचा, दख्खनी शीख. लहानपणी मार खाल्ला तो मराठीतून, लाड झाले तेही मराठीतूनच. महाराजा रणजितसिंगांनी १८३२च्या सुमारास नांदेडच्या हुजूरसाहिब गुरुद्वाऱ्याच्या बांधकामासाठी माणसं पाठवली, त्यांच्यात आमचे पूर्वज होते असं आजी सांगायची. काम संपल्यावर परत का गेले नाहीत, ते तिने कधी सांगितलं नाही. सचखंड एक्स्प्रेस तेव्हा नव्हती, एवढंच कारण मला सुचतं.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘शिखांची जागतिक प्रतिनिधी संस्था : का आणि कशी’. ‘का’ दहा मिनिटांत उरकतो आणि उरलेला वेळ ‘कशी’ला देतो.

‘का’साठी एक खुर्चीची गोष्ट. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात आमची माणसं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गेली आणि लाकडाच्या गिरण्यांत राबली. थंडीचा मुलूख, पायात जाड बूट. पुढे तिथल्या कितीतरी गुरुद्वाऱ्यांत लंगरच्या दालनात टेबल-खुर्च्या आल्या. वर्षानुवर्षं लोक त्यांवर बसून जेवले आणि कुणाच्या घशात घास अडकला नाही. मग १९९०च्या दशकात वाद पेटला. लंगर म्हणजे पंगत, पंगत म्हणजे जमीन, राजा आणि रंक एकाच पातळीवर. दुसरी बाजू म्हणाली, सगळेच खुर्चीवर बसले तर तीही एकच पातळी झाली की! १९९७च्या जानेवारीत तिथल्या सरे शहरातल्या गुरुद्वाऱ्यात हाणामारी झाली, पोलीस आले. १९९८ मध्ये अमृतसरहून अकाल तख्ताचा, म्हणजे आमच्या सर्वोच्च धर्मपीठाचा, हुकूमनामा निघाला : लंगर जमिनीवर बसूनच. ज्यांनी ऐकलं नाही, त्यांच्यातल्या काही पुढाऱ्यांना पंथातून बाहेर काढलं.

तुम्ही हसताय. तुमच्याकडे लग्नात पंगत जाऊन बुफे आला तेव्हा काय झालं? आजोबा रुसले, ताट हातात धरून उभे राहिले आणि शेवटी जिलेबी बघून विरघळले. वाळीत कुणी कुणाला टाकलं नाही. मी स्वतः पंगतीच्या बाजूचा आहे, अगदी कडवा. पण गुडघ्याच्या ऑपरेशनपासून भिंतीकडेच्या बाकावर बसून जेवतो आणि अमृतसरला कळवत नाही.

आता यातली मेख बघा. हुकूम काढतात जथेदार, म्हणजे तख्ताचे प्रमुख. जथेदारांना नेमते शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी. काढतेही तीच. २०२५च्या मार्चमध्ये अकाल तख्ताचे जथेदार ग्यानी रघबीर सिंग यांना कमिटीच्या कार्यकारिणीने एका बैठकीत दूर केलं. या कमिटीचे १७० सदस्य निवडून येतात, ती निवडणूक शेवटची झाली २०११ मध्ये, आणि तेव्हा मतदार कोण होते? पंजाब, हरियाणा, हिमाचल, चंदीगड इथले शीख. सरेच्या माणसाला मत नाही. त्याचं सोडा, मला नाही! पाच तख्तांपैकी एक, हुजूरसाहिब, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, तरी नाही.

कमिटीला मी दोष देत नाही. महंतांच्या हातून गुरुद्वारे सोडवताना लोकांनी रक्त सांडलं, त्यातून १९२५चा कायदा आला. पण तो कायदा आहे गुरुद्वाऱ्यांच्या व्यवस्थापनाचा. दिल्लीचा १९७१चा, आमचा नांदेडचा १९५६चा, हरियाणाचा २०१४चा, सगळे तसेच. लाहोरकडे तर कमिटी पाकिस्तानची. प्रत्येक संस्था कुठल्या ना कुठल्या गुरुद्वाऱ्याच्या गोलकीवर बसलेली, म्हणजे तुमच्या भाषेत दानपेटीवर. आणि जिथे दानपेटी तिथे सरकारचा डोळा. २०२४च्या फेब्रुवारीत आपल्या मंत्रिमंडळाने नांदेडच्या बोर्डावर सरकारी नेमणुका वाढवणारं विधेयक मंजूर केलं, तेव्हा आम्ही रस्त्यावर आलो. शेवटी ते थांबवलं गेलं. त्या मोर्चात काय गंमत झाली सांगतो...

नको, चिठ्ठी आली. सात मिनिटं. संयोजकांचं अक्षर सुरेख आहे, बातमी वाईट आहे.

तर ‘कशी’. नमुना आमच्याकडे आहे, सरबत खालसा. अठराव्या शतकात बैसाखीला आणि दिवाळीला सगळ्या मिसलींचे, म्हणजे शिखांच्या लढाऊ जथ्यांचे, सरदार अकाल तख्तासमोर जमत. एरवी एकमेकांच्या जमिनी बळकावणारे लोक तिथे वैर बाहेर ठेवून बसत आणि जे ठरेल तो गुरमता. तो गुरूचा निर्णय, म्हणून सगळ्यांना बांधील. ही प्रथा कधी थांबली माहीत आहे? १८०५ मध्ये यशवंतराव होळकर इंग्रजांशी लढत अमृतसरला पोहोचले आणि मदत मागितली. त्यावर विचार करायला रणजितसिंगांनी सरबत खालसा बोलावला. मदत मिळाली नाही. लगेच पुढच्या जानेवारीत इंग्रजांशी तह झाला, होळकरांनी अमृतसरपासून तीस कोस दूर जावं, अशी त्यात अट. महाराजांनी नंतर ती सभा बोलावली नाही, एकट्याने निर्णय घ्यायची सोय कळली असावी. म्हणजे आमच्या शेवटच्या संसदेपुढचा शेवटचा विषय मराठ्यांचा होता, आणि आम्ही तुम्हाला नाही म्हटलं. उशिरा का होईना, माफी मागतो.

पुढचे प्रयत्न भराभर. १९९५ मध्ये अमृतसरला विश्व शीख संमेलन झालं, त्यातून वर्ल्ड शीख कौन्सिल निघाली. हात वर करा, किती जणांनी नाव ऐकलंय? मीही मोजत बसत नाही. २०१५ मध्ये चब्बा गावी सरबत खालसा भरला, त्याने आपले जथेदार जाहीर केले, कमिटीने ते मानले नाहीत. एका तख्ताला दोन जथेदार! एकीसाठी जमलो आणि बेरीज वाढवून उठलो.

माझं म्हणणं असं की नव्या संस्थेकडे गोलक नसावी. एकही गुरुद्वारा, शाळा, रुग्णालय, काही नको. ताब्यात घेण्यासारखं काही नसेल तर ताबा घ्यायला येणारे निम्मे गळतील. पंजाबला निम्म्यापेक्षा कमी जागा, हे ऐकून अमृतसरचे मित्र माझ्याशी आठवडाभर बोलत नाहीत. उरलेल्या जागा बाहेरच्यांना : कॅनडाच्या २०२१च्या जनगणनेतच पावणेआठ लाख शीख आहेत. दिल्ली, नांदेड, पटना, इंग्लंड, पाकिस्तान, सगळ्यांना नावानिशी जागा. बायकांना निम्म्या, यावर चर्चा नाही.

आणि मर्यादेच्या, म्हणजे धार्मिक आचारनियमांच्या, बाबतीत हात आखडता. नांदेडला आम्ही दिवे घेऊन आरती करतो, गुरू ग्रंथ साहिबसोबत गुरू गोविंदसिंगांच्या नावे असलेल्या दसम ग्रंथाचाही प्रकाश असतो, म्हणजे तोही उघडून मांडलेला असतो. पंजाबातून आलेला पाहुणा चपापतो. एकाने मला विचारलं, “हे कुणाच्या परवानगीने?” मी म्हटलं, “दादा, आधी चहा घ्या.” सगळ्यांना एका साच्यात ओतणारी संस्था होणार असेल तर ती नसलेलीच बरी. तिने पगडीचे खटले बघावेत. फ्रान्सने २००४ मध्ये शाळेत पगडी बंद केली तेव्हा आमच्या वतीने बोलायला अधिकृत कोण होतं? १९८४च्या जूनमध्ये अमृतसरच्या शीख रेफरन्स लायब्ररीतून गेलेल्या हस्तलिखितांचा पाठपुरावा करावा. आणि कॅलेंडर...

अरे हो, कॅलेंडर! नानकशाही २००३ मध्ये लागू झालं, २०१० मध्ये बदललं, आणि परदेशातले कितीतरी गुरुद्वारे अजून जुनंच धरून बसलेत. एकाच गुरूंचा उत्सव, म्हणजे गुरुपूरब, दोन तारखांना. माझी नात म्हणते दोन्ही दिवशी कडा प्रसाद मिळतो, तिची तक्रार नाही. याचं गणित समजावायला मला अर्धा तास लागतो आणि घंटा तर वाजली.

खर्च कोण करणार, हा प्रश्न मागच्या रांगेतून येणार हे मला ठाऊक आहे, त्या काकांनी केव्हाचा हात वर धरलाय. सांगतो, पण चहा घेताना.